आडाचं पाणी, झिऱ्याचं पाणी

अकोला, ता. १ मार्च १९४१

"खारं लागलं तरी लोकांदेखत थुंकू नको, बाई."

बाबा म्हणाले होते. लग्न होऊन अमरावतीहून या घरी निघाले तेव्हा. बाकीच्यांनी काय काय उपदेश केला, त्यातलं अक्षर आठवत नाही. हे तेवढं राहिलं. इथे पोचले, ओसरीवर पाय धुतले, आडाच्या पाण्याने चूळ भरली — आणि तोंड कसंनुसं झालं! सगळे बघत होते. गिळलं.

आज सकाळी पुन्हा तेच पाणी जिभेवर घेतलं आणि गिळलं. पण आज माप म्हणून. लेकीच्या, शालूच्या, माशांच्या पेटीत घालायच्या आधी मी रोज चाखून बघते. कॉलेजातून आणलेले निळे लिटमस कागद आहेत, पाण्यात आंबटपणा आला की लाल होणारे; साबणाचा फेस किती होतो तेही बघायचं असतं. तरी माझा भरवसा जिभेवर जास्त.

हे मासे शालूच्या कॉलेजातले. जोडी आहे. पिवळे, तळहातापेक्षा लहान, कुशीवर काळा डाग. मलबारकडचे — नदी समुद्राला मिळते तिथले. त्यांच्या कुळाला सिक्लिड म्हणतात. नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात, आणि शालूला नेमकं तेच बघून लिहायचं आहे. अमरावतीच्या गोड्या पाण्यात अंडी घालत, पण अंड्यांना बुरशी धरे. शेवटी शालूच म्हणाली, "सर, आमच्या अकोल्याच्या आडाचं पाणी लावून पाहायचं का? त्यात तुरीची डाळ शिजत नाही." सर हसले म्हणे. मग हो म्हणाले. रॉकेलच्या डब्यात घालून आणले पोरीने. बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हाही डबा खाली ठेवला नाही!

आता तिची बी.एस्सी.ची परीक्षा तोंडावर. ती अमरावतीला. काचेची पेटी इथे ओसरीच्या खिडकीत, माझ्या ताब्यात.

आणि ह्यांचा शब्द. नत्थुजी शेजारून पान खायला आले होते, त्यांच्यासमोर हे शालूला म्हणाले, "पिल्लं जगली तं पुढं शिकाले नागपूर. मेली तं वैशाखात अक्षता."

"भगवंतराव, माशाच्या भरवशावर पोरीचं लगन?" नत्थुजी.

केवढे हसले दोघं! शालू हसली नाही. ह्यांनी थट्टेत म्हटलं खरं, पण चारचौघांत दिलेला शब्द हे मोडत नाहीत. त्याचीच धास्ती.

ता. २ मार्च

कागद निळाच. मादी काळवंडली आहे. शालू म्हणाली होती, अंडी घालायच्या आधी तशी होते.

ता. ५ मार्च

अंडी! मी ठेवलेल्या खापराच्या आतल्या अंगाला चिकटवलेली, प्रत्येकाला बारीक देठ. नर बाहेर पहारा देतो, मादी पंखांनी वारा घालते. मग ती बाजूला होते, तो आत जातो. न बोलता पाळी बदलतात.

मासिकाला कथा पाठवायची राहिली आहे. खाटेवर बसून लिहू म्हटलं तर नजर पेटीकडेच. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या.

ह्यांना दाखवलं. वाकून पाहिलं, म्हणाले, "बाप बिचारा नुसता गस्त घालून राह्यला." हसले. मी पण. नंतर जेवताना सहज म्हटल्यासारखं — कौंडण्यपूरकडचे उत्तमराव पाडव्याला येऊन जातो म्हणाले. मुलगा एकुलता. काळी जमीन भरपूर.



ता. ८ मार्च

काहीतरी बिघडलं आहे. मासे वर येऊन तोंड वासून हवा खातात. नराचे कल्ले भराभर. पाणी मात्र असं नितळ की पेटीत पाणी आहे की नाही कळू नये! नितळ दिसलं म्हणून मी आधी खूश झाले. मग कागद घातला — कडेने लाल झाला.

लाल! इथे आल्यापासून कधी झाला नव्हता.

जिभेवर घेतलं. खारं कमी. आणि मागून तुरट.

तुरट —

ता. ९ मार्च

तुरटीचा खडा खापरामागे सापडला. झिजून बोराएवढा राहिलेला.

घरात तुरटी एकच बाई हाताळते. आक्का. पार्बताबाई, ह्यांची थोरली बहीण. तरुणपणी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून याच घरात. आमच्या आडाचं पाणी खारट, म्हणून पहाटे मोर्णेच्या पात्रात जाऊन वाळूतल्या झिऱ्यातून गोडं पाणी आणायचं, ते रांजणात भरायचं, गढूळ असलं तर तुरटी फिरवायची — हे सगळं तिचं राज्य. प्यायला, डाळीला आणि पाहुण्याला त्यातलं पाणी. बाकी सगळ्याला आडाचं.

"आक्का, पेटीत तुरटी तुम्ही टाकली?"

"टाकली नाही वं. फिरवली. हातातून सुटली."

"पण कावून?" रागावले की मीही वऱ्हाडीत जाते.

"कावून म्हंजे? पानी गढूळ होतं. अन् रोज एक गडू गोडं पानी टाकतो म्या त्यात. कोठून कोठून आले बिचारे! पाहुन्याले कोनी खारं पानी देते काय? आपल्या घरची रीत हाय ते?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. बरंच बोलले. शेवटी म्हटलं, यापुढे पेटीला हात लावायचा नाही. गोड्या पाण्याचा एक थेंब घालायचा नाही.

आक्का पदराने हात पुसत राहिली, कोरडेच हात. "मासे तुमचे. पोट्टी तुमची. माहं काय हाय अठी," म्हणून चुलीकडे गेली.

अंडी पांढरी झाली आहेत. सगळी. मादी अजून वारा घालते आहे.

ता. १० मार्च

शालूने सांगितल्याप्रमाणे रात्रभर बादलीत उभं ठेवलेलं आडाचं पाणी घातलं. एकदम नाही. थोडं काढायचं, थोडं घालायचं. ताजं पाणी माशांना सोसत नाही, शिळंच लागतं. रोज पहाटे शिळं पाणी ओतून देणाऱ्या घरात मी शिळं पाणी झाकून ठेवते! आक्काने पाहिलं आणि रांजणाकडे वळली.

ह्यांना सांगावं लागलं. "झालं मंग?" म्हणाले. मी म्हटलं, पिल्लं अजून झालीच नाहीत, तर मेली कुठून? मासे जिवंत आहेत. पुन्हा घालतील.

"वकील व्हायले पायजे होतं तुवं," म्हणाले. पण मान्य केलं.

ता. १३ मार्च

होळी. कागद निळा. आक्का माझ्याशी बोलत नाही. पुरणपोळी वाढली, पण माझ्याकडे न बघता, भावाच्या ताटावरून हात लांब करून.

ता. १९ मार्च

पुन्हा अंडी! देवा, या वेळी —

ता. २४ मार्च

फुटली. खापराच्या खाली वाळूत त्यांनी खळगा केला आहे, त्यात वळवळणारा पुंजका. मादी एकेकाला तोंडात घेते. पहिल्यांदा मला वाटलं, खाल्लं! मग दुसऱ्या खळग्यात हलकेच सोडलं. तोंडात धरून जागा बदलते.

शालूला कार्ड टाकलं: फुटली. एवढंच. जास्त लिहिलं तर अभ्यासात लक्ष लागणार नाही.

ता. २८ मार्च

पाडवा. गुढी उभारली, आणि उत्तमराव आले. सोबत त्यांची बायको गोदाबाई. ओसरीवर बसले, समोर पेटी. पिल्लं आजच पोहायला लागली आहेत — आईबापांभोवती मोहरीचा ढग सरकावा तशी.

"हे काय पोसून राह्यले भगवंतराव? खायचे हायेत?" उत्तमराव.

"पोरीचे हायेत. कॉलेजातले."

"कॉलेजात मच्छी शिकोतेत?" गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आमच्या घरी तं नदी हाय दाराशी. वर्धा. पाह्य म्हना लागन तेवढी मच्छी."

सगळे हसले. माणसं वाईट नाहीत. गोदाबाईंनी माझ्या हातचं लोणचं मागून घेतलं. मुलगा शालूला नदीवर जाऊ देईल, माझी खात्री आहे. पण नदीवर गेलेल्या बाईला कोणी विचारत नाही, तू काय पाहिलंस.

जाताना उत्तमराव म्हणाले, "वैशाख म्हनून बोललो होतो. मंग धरू ना?"

ह्यांनी पेटीकडे पाहिलं. "मासे काय म्हंतेत थे पाहू," म्हणाले. उत्तमरावांना वाटलं थट्टा.

ता. ३० मार्च

पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक, चिमटीत चुरून. अंडं शेजारून पदराखाली आणलं. आक्काच्या गळ्यात तुळशीची माळ! तिला वास आला असणारच. चुलीवरची कढई दाण्‌कन आपटली, पण बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

ता. १ एप्रिल

ऊन फार. दुपारी ओसरीची फरशी पायाला चटके देते. पेटीतलं पाणी रोज बोट-दीड बोट खाली जातं, मी रोज आडाच्या पाण्याने भरून काढते. शालूने सांगितलंय — आई, आडाचंच घाल. तेच घालते.

पिल्लं कमी वाटतात.

ता. २ एप्रिल

कमीच आहेत. सकाळी तळाशी मेलेली दिसली. मादी अंग दगडाला घासते. नर कोपऱ्यात, पंख मिटून.

कागद निळा. नेहमीपेक्षा गडद, पण निळा! तुरटी नाही, मी सगळी पेटी चाचपली. बलक उरू देत नाही. मग काय?

आक्कावर संशय आला. लाज वाटते लिहायला, पण आला. चोरून पाहत राहिले. ती पेटीच्या वाटेने जातसुद्धा नाही, अंगणाला वळसा घालते.

ह्यांनी विचारलं, "कमी झाले काय वं?" मी म्हटलं, खापरामागे असतात दिवसा. खोटं.

ता. ३ एप्रिल

आणखी मेली. शालूचा आज शेवटचा पेपर. पुढच्या आठवड्यात ती येईल, आणि शुक्रवारी तिचे सरही बघायला येणार. काय दाखवू?

ता. ३ एप्रिल, संध्याकाळ

कळलं!

आमटी चुलीवर राहिली. माझं ध्यान पेटीकडे. आटून अर्धी झाली. ह्यांना वाढली तर पहिल्याच घासाला, "खारट! मुठीनं टाकलं काय मीठ?" मी नेहमीएवढंच टाकलं होतं. पाणी आटलं, मीठ कुठे जाईल? तिथेच राहिलं —

हातातली पळी तशीच घेऊन ओसरीवर धावले. पेटीतलं पाणी चाखलं. आडाचं पाणी चाखलं. पेटीतलं केवढं तरी खारं! काचेला पाण्याच्या रेषेवर पांढरी कड धरली आहे, ती मी रोज पुसत होते. मीठच ते. ऊन नुसतं पाणी उडवून नेतं. खार मागे राहतो. वर मी आणखी खारं ओतते. रोज चाखायचे ते बादलीतलं. त्या तुरटीच्या दिवसानंतर पेटीतलं चाखलंच नाही.

आणि आक्काचा एक गडू. ती रोज घालत होती तोवर पाणी ठीक होतं. मी बंद केला आणि ऊन वाढलं.

रांजणापाशी गेले. आक्का वाती वळत होती.

"आक्का, गोडं पाणी पाहिजे."

मान वर केली नाही. "पाहुना आला काय कोनी?"

"माशांना."

"थेंब घालाचा नाही म्हटलं होतं तुवं."

"चुकले. उडून जातं तेवढं गोडंच भरायला पाहिजे. मीच मारून राहिले त्यांना."

तिने वाती बाजूला ठेवल्या. मला वाटलं आता ऐकवेल, आणि ऐकवावंच. तिने रांजणावरचं झाकण काढलं, गडू बुडवला, आणि म्हणाली, "यात तुरटी हाय. सकाळी फिरवली. हे नाही चालनार ना?"

नाही चालणार.

कमरेवर घागर घेऊन निघालीच ती मोर्णेवर, तिन्हीसांजेला! मीही मागे. झिऱ्यात पाणी जेमतेम. वाटीने भरत बसलो दोघी. परतताना म्हणाली, "तुहं तोंड लय वाईट हाय, कौशल्ये." मी हो म्हटलं.

ता. ४ एप्रिल

एकदम गोडं केलं तरी मरतील. थोडं खारं काढून सकाळी गडूभर गोडं, संध्याकाळी गडूभर. आक्का ओतते, मी कागद बुडवते. मध्ये दोघी चाखतो. "अजून खारं हाय." "अजून." नत्थुजींनी पाहिलं. "नणंद-भावजय माशाचं पानी पिऊन राह्यल्या," गल्लीभर सांगतील.

सांगू दे. नराने पंख उघडले.

ता. ६ एप्रिल

आज मेलेलं एकही नाही.

दुपारी आक्काने हाक मारली, "इकडे ये लवकर! पोट्टे मायले खाऊन राह्यले!"

खरंच. उरलेली पिल्लं मादीच्या कुशीला जाऊन भिडत होती, टोचत होती, परत येऊन पुन्हा टोचत होती. मादी स्तब्ध. पंख ताणून उभी. हा कुठला नवीन रोग? मग पाहिलं, ती पळत नाही. थांबते. जागा देते. तिच्या अंगावरचा बुळबुळीतपणा खातात ती! बलकाचे कण समोर तरंगतात, ते सोडून हे.

"दूध पिऊन राह्यले," आक्का.

"माशाला दूध नसतं, आक्का."

"तुले काय माहीत? तू मासा हायस काय?"

कितीतरी वेळ बसलो. मादीची कूस घासल्यासारखी फिकी झाली. मग ती सरकली, आणि नर तिच्या जागी येऊन उभा राहिला. पिल्लं त्याला टोचू लागली.

सगळं लिहून ठेवलं, वेळेसकट, शालूसाठी. लिहिताना एक अक्षरही खोडलं नाही. कथा लिहिताना असं कधी झालं नाही. आपण जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहायचं — हे मी आजवर केलंच नव्हतं.

ता. ८ एप्रिल

शालू आली. थेट पेटीपाशी गेली. पाणी चाखलं! मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मग आक्काच्या गळ्यात पडली. आक्का ओरडली, "सोड वं, सोवळ्यात हाय मी!" सोडवून मात्र घेतलं नाही.

रात्री शालू हळूच म्हणाली, "आई, बाबा शब्द पाळतील ना?"

ता. ११ एप्रिल

सर येऊन गेले. सडपातळ, चष्मा, ओसरीवर चक्क गुडघे टेकून बसले काचेला नाक लावून. पिल्लं टोचतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. शालूला म्हणाले, "नागपूरला मी लिहितो. जागा मिळेल." मला म्हणाले, "पाणी कोण बघतं?" मी आक्काकडे बोट केलं. आक्का माजघरात पळाली.

नत्थुजी होतेच. "भगवंतराव, मासे जितले!"

"जितले," हे म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द. नागपूर." शालूने वाकून नमस्कार केला. ह्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं. उत्तमरावांना निरोप धाडतो म्हणाले.

ता. ११ एप्रिल, नंतर

जेवणं झाल्यावर. पान लावत होते. सहज आवाजात —

"पण राहीन कोठी?"

"मुलींच्या वसतिगृहात."

"परक्या गावात एकटी पोट्टी? नाही जमनार."

"पण शब्द —"

"म्या नागपूर म्हटलं. एकटी म्हटलं होतं काय?" चेहऱ्यावर कपट नाही. खरोखरच असं वाटतं त्यांना. "घरचं कोनी मानूस तठी असतं तं गोष्ट येगळी. कोन हाय आपलं नागपुरात?"

कोणी नाही. शालूने दाराआडून ऐकलं. पाणी प्यायला म्हणून आली होती, रिकामा गडू ठेवून परत गेली.

निरोप थांबवला आहे. उत्तमरावांचा वैशाख अजून उभा आहे.

ता. १२ एप्रिल

पेटीत दोन्ही वेळा गोडं पाणी आक्कानेच घातलं. मी खिडकीशी नुसती बसून होते. आक्का जवळ आली, म्हणाली, "दोन भाकरी तं मीबी टाकतो भावाले. अन् मासे काय, पाहीन मी." आणि गेली. मी काही विचारलंच नव्हतं तिला!

ता. १३ एप्रिल

हे अंघोळीला गेले आहेत. चहा घेतील तेव्हा विचारीन. नाही म्हणतील. पहिल्यांदा हसतील, मग नत्थुजी काय म्हणतील ते सांगतील, मग नाही म्हणतील. मला माहीत आहे. आणि हे मी नुसतं शालूसाठी मागते आहे, असंही म्हणणार नाही. तिथे एक खोली असेल, खिडकी असेल, आणि मी लिहीन. तेही सांगीन.

घरचं माणूस मी आहे. शालू शिकेल तोवर तिच्याबरोबर नागपूरला बिऱ्हाड करते. तुम्ही मला जाऊ द्या.